कायद्याची तोंडओळख : शेजाऱ्याचा ड्रोन आणि आपली बंदूक



मागील गट सभेत ऊस नोंदी, खोडव्याचे पाचट आणि तोडणीचा क्रम हे नेहमीचे विषय संपले. चहा येण्यापूर्वी एका सभासदाने उभे राहून विचारले, "शेजाऱ्याच्या ड्रोनचं औषध माझ्या बागेवर येतं. दोनदा सांगितलं, ऐकत नाही. तिसऱ्या वेळी पाडला तर काय होईल?" त्यावर मागून कोणी तरी म्हणाले, "पाड की बिनधास्त! अमेरिकेत एकानं पाडला, कोर्टानं सोडला त्याला." सभा हसली. विचारणारा मात्र हसला नाही. त्याच्या घरी रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक आहे, हे आम्हास ठाऊक आहे. म्हणून या अंकात हाच धडा घेतला आहे.

प्रथम अमेरिकेचे प्रकरण पाहू, कारण अर्धी गोष्ट ऐकून माणूस पूर्ण अडचणीत येतो. हे प्रकरण केंटकी राज्यातील हिलव्ह्यू गावचे, जुलै २०१५ मधले. एका गृहस्थाच्या मुली अंगणात होत्या आणि वर ड्रोन घिरट्या घालीत होता. त्याने छऱ्याच्या बंदुकीने तो पाडला. पोलिसांनी त्याला अटक केली आणि मालमत्तेची नासधूस व बेफिकिरीने इतरांचा जीव धोक्यात घालणे असे दोन आरोप ठेवले. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील न्यायाधीशांनी आरोप काढून टाकले हे खरे. पण सुटका कशावर झाली ते पाहा. ड्रोनवाला म्हणत होता, माझे यंत्र दोनशे फुटांवर होते आणि त्याची यंत्रातली नोंद माझ्यापाशी आहे. साक्षीदार म्हणाले, झाडांच्या शेंड्यांपेक्षाही खाली होते. न्यायाधीशांनी साक्षीदारांचे ऐकले. साक्षीदार फिरले असते तर निकालही फिरला असता. पुढे ड्रोनवाल्याने वरच्या, म्हणजे संघराज्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. तो मार्च २०१७ मध्ये निघाला तो केवळ 'हे प्रकरण या कोर्टाच्या अखत्यारीत येत नाही' या कारणावर. ड्रोन पाडण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

याच सुमारास त्याच देशात दुसरे एक प्रकरण झाले. ते कोणी मोबाइलवर पाठवीत नाही. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावाजवळ दोन शेतकरी शेजारी. एकाचा मुलगा आई-वडिलांकडे आला होता आणि घरी बनविलेला ड्रोन उडवीत होता. शेजाऱ्याकडून गोळी आली, ड्रोन पडला. नंतर निघाले असे की तो उडत होता स्वतःच्या आई-वडिलांच्याच रानावर! २०१५ मध्ये तेथील लहान दाव्यांच्या कोर्टाने पाडणाऱ्याला ८५० डॉलर भरायला लावले. खालून वर पाहताना ड्रोन बांधाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे भल्या माणसाला नीट कळत नाही. उन्हात डोळ्यावर हात धरून बघा, म्हणजे पटेल.

आता आपल्या गावात येऊ. उदाहरणासाठी दोन शेजारी घेऊ. नावे काल्पनिक आहेत, कोणी अंगाला लावून घेऊ नये. तात्यांचा पूर्वहंगामी ऊस आहे. शेजारी बापूंची द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी होऊन घड बाहेर पडलेले. नोव्हेंबरअखेर तात्यांच्या उसात रुंद पानांचे तण माजले. मजूर मिळेनात, म्हणून त्यांनी गावातल्या ड्रोनवाल्याकडून टू-फोर-डी मारून घेण्याचे ठरविले. हे तणनाशक उसाला चालते, द्राक्षाला मुळीच चालत नाही. वाऱ्यावर आलेला थोडा अंश जरी वेलीवर बसला तरी कोवळी पाने पंख्यासारखी होतात, शेंडे पिळवटतात आणि घडाचे नुकसान होते. वारा बागेच्या दिशेला आणि ड्रोन बांधापर्यंत येऊन वळतो आहे. बापूंचा संताप खोटा नाही. वर्षाचे पीक डोळ्यादेखत जाते आहे. ते घरातून बंदूक आणतात आणि बार काढतात. ड्रोन खाली येतो.

इथपर्यंत दोषी होते तात्या आणि ड्रोनवाला. बार निघाला त्या क्षणी आरोपी कोण झाले? बापू. या लेखाचा सगळा अर्थ या एका उलट्यापालट्यात आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने, किंवा नुकसान होणार हे ठाऊक असून, त्याच्या वस्तूची नासधूस करणे याला कायद्याच्या भाषेत 'आगळीक' म्हणतात. तिचे कलम ३२४. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता फवारणीच्या ड्रोनची किंमत बघा. बॅटऱ्या, टाकी, सुटे भाग धरून ती कित्येक लाखांत जाते. म्हणजे बापू एका बारात थेट वरच्या पायरीवर जाऊन बसले. लग्नात खेळायचा छोटा ड्रोन असता तर गोष्ट खालच्या पायरीवर राहिली असती.

कोणी म्हणेल, बंदूक नको, गोफण चालेल का? कायदा हत्यार पाहण्याआधी नुकसान पाहतो. गोफणगुंड्याने पाडा, बेचकीने पाडा, नाही तर पाखरे उठवायच्या पाइपच्या तोफेने पाडा, आगळीक ती आगळीकच. बंदुकीने मात्र तिच्यात भर पडते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे उतावीळपणे किंवा हयगयीने बंदूक चालवून दुसऱ्याच्या जीविताला धोका आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीक-संरक्षणासाठी दिलेला परवाना रानडुकरासाठी असतो, शेजाऱ्याच्या यंत्रासाठी नव्हे. परवान्याची अट मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहेच. बंदूक विनापरवाना असेल तर बोलायलाच नको. ड्रोनचा खटला बाजूला राहतो आणि बंदुकीचाच मोठा होतो.

आणखी एक गोष्ट शहरातले वकील विसरतात, पण उसातल्या माणसाने विसरू नये. वर गेलेला छर्रा कोठे तरी खाली येतोच, आणि आसपास तोडणीच्या टोळ्या, त्यांची पोरे, बैल असतात. कोणाला दुखापत झाली तर कलम १२५ लागते, आणि जबर दुखापत असेल तर त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हयगयीने मृत्यू झाला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. शिवाय ड्रोनमधली लिथियमची बॅटरी फुटली की पेट घेते. ती शेजारच्या खोडव्याच्या वाळल्या पाचटात पडली, तर जळालेल्या उसाचा हिशेब कोणाच्या नावे लागेल? बार काढणाऱ्याच्या.

बापूंचा वकील म्हणेल, हा तर मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे! हा हक्क संहितेत आहे, कलम ३४ पासून ४४ पर्यंत. चोरी, जबरी चोरी, आगळीक, फौजदारी अतिक्रमण यांपासून आपली आणि दुसऱ्याचीही मालमत्ता वाचविता येते. पण कलम ३७ ने दोन खुंट्या ठोकल्या आहेत. सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला लागेल तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. तिसरी गोष्ट, ड्रोन वर असला तरी चालविणारा खालीच, बांधावर, हातात कंट्रोल घेऊन यंत्र नजरेत ठेवून उभा असतो. "अहो, थांबवा ते, वारा माझ्या बागेत येतोय!" एवढे त्याला ओरडून सांगता येत होते, तर मग बाराची गरज काय होती, असे कोर्ट विचारणार. याला अपवाद असतो. भरकटलेला ड्रोन अंगणातल्या पोराच्या डोक्यावर येत असेल आणि कोणी काठीने बाजूला हाणला, तर ती गोष्ट वेगळी. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम १९ चा आधार मिळू शकतो. द्राक्षाच्या पानाचे आणि पोराच्या डोक्याचे माप कोर्ट एका तराजूत घालीत नाही.

"पण रान माझं, मग वरचं आभाळ कुणाचं?" हाही प्रश्न सभेत आला होता. जुनी समजूत अशी की जमीन ज्याची, त्याचेच वरचे आकाश आणि खालचे पाताळ. विमाने आली आणि ही समजूत टिकेना. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नॉर्थ कॅरोलिनातील कॉझ्बी नावाच्या कोंबडीपालकाचा दावा गेला. त्याच्या जागेवरून युद्धकाळात लष्करी विमाने जमिनीपासून अवघ्या ८३ फुटांवरून उतरत. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. अशा दीडशे कोंबड्या गेल्या आणि धंदा बंद पडला. न्यायालय म्हणाले, सगळे आकाश मालकाचे नाही. पण जमिनीलगतचे जेवढे आकाश त्याला वापरता येते, तेवढे त्याचे आहे. भरपाईचा त्याचा हक्क मान्य झाला. त्याने विमानावर बंदूक रोखली नव्हती, दावा लावला होता, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्याच्या कलम १७ मध्ये असे लिहिले होते की वाजवी उंचीवरून विमान गेले, एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा चालणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे. जुन्या कलमातले 'एवढ्याच कारणावरून' आणि 'वाजवी उंची' हे शब्द समजून घेण्यासारखे आहेत. तीनशे फुटांवरून ड्रोन सरळ निघून गेला तर दावा काय लावणार? पण पिकाच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवरून फवारीत तो बांध ओलांडून आला, तर ते नुसते जाणे राहिले नाही. औषध पडले, पीक गेले. त्याच्या भरपाईचा दावा वेगळा, आणि तो लावण्यास कोणी आडवे येत नाही.

म्हणजे बापूंचा दावा चांगला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने कसा दुबळा केला, ते आता पाहू.

ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. त्यात ड्रोनचे वजनाप्रमाणे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत लहान, पुढे मध्यम आणि मोठे. वजन धरताना टाकीतले औषधही धरायचे. म्हणून फवारणीचे ड्रोन बहुधा 'लहान' वर्गात येतात, नाव लहान असले तरी. अशा ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, चालविणाऱ्याला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा लागतो. विम्याचे सूत्र मोटार वाहन कायद्याचेच धरले आहे. आपल्या ट्रॅक्टरने कोणाचे नुकसान केले तर जसा विमा उपयोगी पडतो, तसाच हा. नियम मोडणाऱ्याला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद त्या नियमांत आहे. ड्रोनने औषध फवारण्याची कार्यपद्धती केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वेगळी दिली आहे. औषध, वारा, लगतचे पीक, पाणवठे यांचे भान न ठेवता फवारणाऱ्याला ती अडचणीत आणते.

आता पाहा. बापूंनी बार काढला नसता, तर प्रश्न ड्रोनवाल्याला विचारले गेले असते. तुझे प्रमाणपत्र दाखव, विमा दाखव, वारा होता तरी का मारलेस? बार काढल्यावर प्रश्न बापूंना विचारले जातात. ड्रोनवाला आता फिर्यादी आहे. तो यंत्राची किंमत मागेल, हंगामातले बुडालेले भाडे मागेल. बापूंची द्राक्षाची नुकसानी अजून खरी आहे, कोर्ट तिचा हिशेब वेगळा मांडीलही. पण पुरावा? तो गोळा करायच्या दिवसांत बापू जामिनाच्या खटपटीत होते. पाने गळून गेली, वाऱ्याची नोंद कोणी केली नाही आणि तात्या म्हणतात, "वारा नव्हताच हो."

आणखी एक. पडलेला ड्रोन तात्यांचा नव्हताच, हे बापूंना मागाहून कळले. तो गावातल्याच महिला बचत गटाचा होता. केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत मदत आणि बाकीची रक्कम गटाने उभी करायची. ज्याच्यावर राग होता त्या तात्यांचे काहीच फुटले नाही. फुटले ते खालच्या आळीतल्या बायांचे कर्जाचे यंत्र. त्यातली एक बापूंची चुलत वहिनी. "भावजी, आमचं काय चुकलं होतं?" या प्रश्नाला कलम नाही. आकाशातला ड्रोन कोणाचा, हे त्याच्यावर लिहिलेले खालून वाचता येत नाही. गावठाण मोजणीसाठी स्वामित्व योजनेतले सरकारी ड्रोनही आपल्या गावांवरून फिरले आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्रीचे ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावे जागी राहिली होती. अशा वेळी एकाने दगड मारला की दहा जण मारतात, आणि मग फिर्यादीत दहा नावे येतात.

बायाबापड्यांच्या तक्रारीबद्दलही लिहिले पाहिजे. ती सभेत कोणी उघड बोलत नाही, पण मागाहून दोघी भगिनींनी सांगितली. न्हाणीघरावर किंवा परसात मुद्दाम ड्रोन थांबवून चित्रण करणे ही थट्टा नव्हे. स्त्रीच्या खाजगी क्षणाचे चोरून चित्रण केल्यास न्याय संहितेचे कलम ७७ लागते. पहिल्या वेळी किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षे कैद आणि दंड. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई वेगळे. इथे तर ड्रोन न पाडण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच्यातले चित्रण हाच गुन्हेगाराविरुद्धचा पुरावा, आणि तो आपणच फोडायचा का? ११२ क्रमांकावर कळवावे, चालविणारा कोठे उभा आहे ते पाहून ठेवावे. ड्रोन आपसूक पडला तर बॅटरीला हात न लावता पोलीस पाटलांना बोलवावे. घरात दडवून ठेवू नये. दुसऱ्याची वस्तू दडविली की आपणच चोरीच्या किंवा अपहाराच्या कलमात जातो.

मग बापूंनी काय करायचे? आधी फवारणी थांबवायला सांगायचे, चालविणाऱ्याला आणि तात्यांना, चार माणसांदेखत. मोबाइलवर चित्रण करायचे, त्यात बांध, ड्रोन आणि झाडांची पाने कोणीकडे हलतात ते आले पाहिजे. त्यावरून वारा कळतो. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि चालविणाऱ्याचे नाव टिपायचे. त्याच दिवशी पोलीस पाटलांना कळवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाहणीचा अर्ज द्यायचा. टू-फोर-डीची खूण काही दिवसांनी स्पष्ट दिसते, म्हणून चित्रे पहिल्या दिवशीची, आठवड्याची आणि पंधरवड्याची अशी तिन्ही वेळची काढायची. तात्यांनीही फवारणीआधी बांधाशेजाऱ्याला निरोप दिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. ऊस आपला असतो तेव्हा आपण सगळेच तात्या असतो, हे आम्ही स्वतःलाही सांगून ठेवतो.

अर्जाचा मासला खाली देत आहोत. आपापल्या तपशिलाप्रमाणे बदल करावा.

"मा. तालुका कृषी अधिकारी यांस. अर्जदार अमुक, राहणार अमुक, गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, पीक द्राक्ष, छाटणीची तारीख अमुक. आज दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता लगतच्या गट नंबर अमुकमधील उसावर ड्रोनने तणनाशकाची फवारणी झाली. वारा अमुक दिशेने होता. फवारा माझ्या बागेच्या अमुक ओळींवर आला. ड्रोनचा नोंदणी क्रमांक अमुक, चालविणाऱ्याचे नाव अमुक. थांबविण्यास सांगितले असता अमुक उत्तर मिळाले. साक्षीदार अमुक व अमुक. तरी बागेची पाहणी करून पंचनामा करावा, पानांचे नमुने घ्यावेत व अहवालाची प्रत मला मिळावी. सोबत छायाचित्रे जोडली आहेत."

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्यावी आणि ती सात-बाराच्या उताऱ्याबरोबर ठेवावी. एक प्रत पोलीस ठाण्यातही द्यावी.